चोराच्या हाती किल्ल्या : धरणगावच्या भिल्ल पलटणीसंबंधी काही विलक्षण कथा व त्यांचा इतिहासार्थ

धरणगाव म्हटले की मराठी वाचकास प्रथम बालकवींचे स्मरण होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली या गावी झाला. परंतु इतिहासाच्या साधनांत धरणगावचे नाव त्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षांपासून आढळते, आणि तेथे त्याचा संबंध निसर्गकवितेशी नसून लूट, कत्तल व पलटण यांच्याशी आहे. १६७४ साली इंग्रजांनी येथे कापडाच्या खरेदीसाठी वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने गाव लुटले, तेव्हा वखारही त्यातून सुटली नाही. १६७९ साली गाव पुन्हा लुटले गेले. तापी खोऱ्यातील संपन्न बाजारपेठेचे हे भाग्यच म्हणावयाचे. जेथे माल असतो तेथे लुटारूही येतो, आणि त्याच्या मागोमाग राखणदार येतो. धरणगावच्या इतिहासात ही तिन्ही पात्रे वारंवार वेष पालटून आलेली दिसतात.

या पात्रांच्या अदलाबदलीचा सर्वांत विलक्षण प्रयोग १८२५ साली या गावी झाला. ज्यांना सरकारदरबारी अट्टल चोर म्हणून ओळखले जात होते त्या भिल्लांचीच पलटण उभारून तिच्या हाती मुलखाची राखण देण्यात आली. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण मराठीत मूर्खपणाचा कळस दाखविण्यासाठी वापरतात. ती येथे राज्यकारभाराचे धोरण म्हणून अमलात आली, आणि आश्चर्य असे की ते धोरण यशस्वी झाले. या प्रयोगाभोवती अनेक कथा गोळा झाल्या आहेत. त्या वाचताना हसू येते आणि पाठोपाठ त्या हसण्याची लाज वाटते. अशा कथांना मनोरंजक आख्यायिका समजून तळटिपेत टाकण्याची इतिहासलेखकांची प्रवृत्ती असते. प्रस्तुत टिपणात त्यांपैकी काही कथा एका क्रमाने मांडून, त्या क्रमातून कोणता अर्थ निष्पन्न होतो हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१. राखणदाराचा चोर कसा झाला

पहिली गोष्ट ही की, खानदेशातील भिल्ल हा मुळात राखणदार होता. मैदानी मुलखातील गावोगाव भिल्ल जागल्या असे. गावाची राखण, वाटसरूंची सोबत, चोरीचा माग काढणे ही त्याची कामे असत, आणि त्याबद्दल गावाकडून त्याला धान्याच्या रूपाने हक्क मिळे. डोंगरातील नाईकांकडे घाटांची राखण असे. माग हरवला तर नुकसानीची भरपाई राखणदाराने करावयाची, असा दंडक होता. म्हणजे चोरीचा धंदा ज्याला सर्वांत अधिक कळतो, त्याच्यावरच चोरीची जबाबदारी टाकण्याची ही व्यवस्था होती. तिच्यात भाबडेपणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला तो व्यवहार होता.

ही घडी १८०२ ते १८०४ या काळात पार विसकटली. होळकरांच्या फौजांनी १८०२ साली खानदेश लुटला, आणि लगोलग १८०३–०४ चा घोर दुष्काळ आला. गावे ओस पडली. जेथे गावच उरले नाही तेथे गावाचा जागल्या कोणाचे राखणार, आणि त्याचा हक्क तरी कोण देणार? उपाशी राखणदार डोंगरात गेला व तेथून खाली उतरून, ज्या वाटा तो राखीत असे त्याच वाटांवर लूट करू लागला. त्याला प्रत्येक वाट, प्रत्येक पेव आणि प्रत्येक गावाचा कच्चा कोपरा ठाऊक होता. या पूर्वीच्या ज्ञानामुळेच तो असा दुर्धर झाला.

यावर पेशवाईच्या अखेरच्या काळातील अधिकाऱ्यांनी जो उपाय योजला, तो या कथामालेतील सर्वांत काळा भाग होय. १८०४ च्या सुमारास खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांच्या मोठ्या जमावास बोलणीसाठी अभय देऊन बोलाविले, आणि ते आल्यावर विश्वासघाताने धरून त्यांपैकी बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारले. अशा प्रकारच्या कत्तली खानदेशात इतरत्रही झाल्याचे ‘मुंबई गॅझेटियर’च्या खानदेश खंडात नमूद आहे, आणि त्या स्थळांच्या यादीत चाळीसगाव व अंतूर यांच्या बरोबरीने धरणगावचेही नाव येते. पकडलेल्या भिल्लास चौकशीवाचून फटके मारणे किंवा फाशी देणे, नाक-कान कापून उन्हात टाकणे, अंतूरच्या कड्यावरून ढकलून देणे, हे प्रकार त्या काळी नित्याचे झाल्याचे वर्णन आढळते.

या पद्धतीतील तर्क असा होता की, माणसे नाहीशी केली की गुन्हा नाहीसा होईल. परिणाम नेमका उलटा झाला. जो भिल्ल पूर्वी बोलावणे आले की गावच्या चावडीवर येई, तो आता बोलावणे आले की अधिक दूर पळू लागला. अभयाचा शब्द हेच संकटाचे चिन्ह ठरले. राज्यसत्तेने आपल्या हातातील सर्वांत स्वस्त शस्त्र, म्हणजे दिलेला शब्द, अशा रीतीने बोथट करून ठेवले.

२. रक्ताला मागणी

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे त्याची व्यवस्था होती. नाईकांना निवृत्तिवेतने देणे, घाटांवरील त्यांचे जुने हक्क मान्य करणे, आणि जे शरण येणार नाहीत त्यांच्यावर फौज पाठविणे, असे तिहेरी धोरण त्याने अंगीकारले. लूट न करण्याबद्दल पगार देण्याची कल्पना सकृद्दर्शनी हास्यास्पद वाटते. परंतु जागल्याचा हक्क म्हणजे तरी दुसरे काय होते? फौज पाठविण्याचा मार्ग मात्र फारसा फळला नाही. सातपुड्याच्या हिवतापाने शिपायांना लोळविले, आणि ज्यांच्यावर ही स्वारी होती ते भिल्ल बाण न सोडताच टिकून राहिले. सात वर्षांत शांतता आली नाही.

१८२५ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी भिल्लांची पलटण उभारण्याचा निर्णय घेतला. असे प्रयत्न त्यापूर्वी फसले होते, त्यामुळे अनेक अनुभवी अधिकाऱ्यांना हा बेत वेडेपणाचा वाटला. खानदेशचे तीन विभाग करून प्रत्येकी एक भिल्ल एजन्सी स्थापण्यात आली : वायव्येची कुकरमुंड्यास, दक्षिणेची कन्नडास, आणि ईशान्येची धरणगावास. दक्षिणेकडील एजन्सीचा भर शेतीवर होता. तगाई, बैल व बियाणे देऊन भिल्लांना जमिनीवर बसविण्याचा तो उद्योग होता. धरणगावकडे पलटणीचे काम आले आणि ते जेम्स आउट्रम या लेफ्टनंटावर सोपविले गेले. त्याचे वय त्या वेळी अवघे २२ वर्षांचे होते.

त्याच वर्षी घडलेली एक घटना या प्रयोगाची पार्श्वभूमी म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे. बागलाणात सेवाराम घिसाडी याने सातारच्या छत्रपतींची म्हणून काही पत्रे दाखविली. ती बनावट होती. परंतु त्या कागदांच्या बळावर सुमारे आठशे भिल्ल जमले, अंतापूर लुटले गेले आणि जमाव मुल्हेरच्या डोंगराकडे गेला. आउट्रमने रात्रीच्या अंधारात समोरून खोट्या हल्ल्याचा गलका करवून स्वतः दुसऱ्या बाजूने चढाई केली आणि जमाव पांगविला. म्हणजे खोट्या पत्रांनी जमलेले लोक खोट्या हल्ल्याने पांगले! परंतु या प्रसंगातील खरी विसंगती निराळी आहे. सातारच्या नावे लिहिलेल्या खोट्या कागदावर आठशे माणसांनी प्राण पणास लावले. त्याच सुमारास सरकारने काढलेल्या खऱ्या अभयपत्रावर विश्वास ठेवावयास पाच माणसेही मिळेनात.

त्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. पलटणीसाठी भरती सुरू होताच भिल्लांत ज्या अफवा पसरल्या, त्यांची नोंद पुढे कॅप्टन ग्रॅहॅम याने खानदेशातील भिल्लांच्या इतिहासावरील आपल्या टिपणात करून ठेवली आहे. एक अफवा अशी की, कवाईतीसाठी रांगेत उभे करणे हे केवळ निमित्त असून, एकदा रांग धरली की सर्वांना गलबतावरील गुलामांप्रमाणे एका साखळीत जखडावयाचे व साऱ्या जातीचा निःपात करावयाचा, असा सरकारचा कावा आहे. दुसरी याहून भयानक : या परक्या मालकांच्या देशात माणसाच्या रक्ताला मोठी मागणी आहे, आणि त्यासाठीच ही भरती चालली आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांनी या अफवा रानटी मनाच्या भोळेपणाचा नमुना म्हणून नोंदविल्या, आणि आजचा वाचकही प्रथम हसतोच. परंतु कोपरगावच्या दोन विहिरी डोळ्यांसमोर ठेवून ती अफवा पुन्हा वाचली, तर तीत भोळेपणाचा लवलेशही दिसत नाही. बोलावून घेणे, एकत्र करणे आणि मारणे हा क्रम भिल्लांनी एकदाच नव्हे, अनेकदा अनुभवला होता. त्या घटनांस अवघी वीस-एकवीस वर्षे लोटली होती, आणि धरणगाव हे अशाच एका कत्तलीचे स्थळ होते. तेथेच पुन्हा जमण्याचे निमंत्रण आले असता जो तत्काळ धावत गेला असता, त्यालाच भोळा म्हणावे लागले असते. अफवेत कल्पनेचा भाग एवढाच होता की, मारण्याचे कारण त्यांनी नवीन शोधले. मारले जाण्याची अपेक्षा मात्र पूर्वानुभवावर आधारलेली होती. अफवेतील मजकूर खोटा असला तरी तिच्या मुळाशी असलेली स्मृती खरी असते, हा नियम या उदाहरणात फार स्पष्टपणे दिसतो.

३. ब्रँडी, वाघ आणि मांजर

आउट्रमने आपल्या कामाची सुरुवात प्रचलित पद्धतीनेच, म्हणजे रात्रीच्या छाप्याने केली. परंतु हाती लागलेल्या कैद्यांना फाशी न देता त्याने त्यांच्याच मार्फत नाईकांकडे निरोप पाठविले. मग तो त्यांच्याबरोबर एकटाच जंगलात गेला. तेथे त्याने जे साधन वापरले त्याची कबुली त्याने स्वतःच्या पत्रात निःसंकोचपणे दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे भिल्लांची मने त्याने भरपूर ब्रँडीने जिंकली, आणि त्यांचा विश्वास त्यांच्यात पहाऱ्याविना राहून मिळविला. अखेर पाच साहसी भिल्ल त्याच्याबरोबर नशीब अजमावण्यास तयार झाले. ज्या पलटणीने पुढे खानदेशची घडी बसविली, तिचा पाया या पाच माणसांनी घातला.

या कबुलीतील पहिला अर्धा भाग लोकांच्या तोंडी राहिला, कारण तो गमतीचा आहे. महत्त्व दुसऱ्या अर्ध्या भागास आहे. ब्रँडी कोणासही पाजता आली असती, आणि कोपरगावी बोलाविलेल्यांनाही पाहुणचाराची आशा दाखविली गेली असणे असंभवनीय नाही. परंतु ज्यांना चोर ठरविले त्यांच्याच पहाऱ्यात झोपणे ही गोष्ट वेगळी होती. पूर्वीच्या सर्व भेटींत जिवाचा धोका केवळ भिल्लांनी पत्करावयाचा असे. येथे प्रथमच तो बोलाविणाऱ्यानेही पत्करला. दिलेला शब्द मोलाचा ठरावयाचा तर तो मोडल्यास देणाऱ्याचेही काही गेले पाहिजे, हे तत्त्व त्यात होते.

आउट्रमच्या नावलौकिकास दुसरे कारण शिकार हे होते. १८२५ पासूनच्या दहा वर्षांत त्याच्या उपस्थितीत खानदेशात मारल्या गेलेल्या वाघांची संख्या १९१ दिली जाते. आज ही संख्या वाचून अभिमान वाटण्याऐवजी सातपुड्यातील वाघांच्या दुर्दैवाची कीव येते. परंतु तत्कालीन भिल्लांच्या दृष्टीने तो शौर्याचा हिशेब होता. फ्रेडरिक गोल्डस्मिड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या आउट्रमच्या चरित्रात या काळातील काही प्रसंग नमूद केले आहेत. त्यांपैकी एक १८२५ चा आहे. चिमा नावाच्या शिकाऱ्याने टेकडीच्या उतारावर निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आणली. आउट्रम पायी व त्याचा सोबती घोड्यावर असे दोघे निघाले. सोबत्याची गोळी चुकली, वाघाने आउट्रमवर झेप घेतली आणि दोघेही एकमेकांना बिलगून उतारावरून गडगडत खाली आले. क्षणभर पंजा सैल होताच आउट्रमने पिस्तूल काढून वाघास ठार केले. त्याच्या अंगावरील जखमा पाहून भिल्ल आक्रोश करू लागले, तेव्हा मांजराने ओरबाडल्याची ती काय पर्वा, अशा अर्थाचे उद्गार काढून त्याने त्यांना गप्प केले. हे वाक्य भिल्लांत पुढे कित्येक वर्षे फिरत राहिले, असे चरित्रकार सांगतो.

दुसरा प्रसंग अधिक अर्थपूर्ण आहे. दडून बसलेला वाघ नीट दिसेना, म्हणून भिल्लांनी आपली वस्त्रे एकत्र बांधून त्यांच्या आधाराने आउट्रमला झाडाच्या फांदीवरून अधांतरी लोंबकळत ठेवले, आणि त्या अवस्थेतच त्याने वाघ मारला. खाली उतरल्यावर तो गमतीने म्हणाला की, तुम्ही मला चोरासारखे झाडाला टांगले खरे, पण वाघ मी मारला. हा विनोद ऐकणाऱ्यांना त्यातील खोच कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. चोर म्हणून झाडाला टांगले जाणे हे त्यांच्यापैकी कित्येकांच्या भाऊबंदांच्या वाट्यास प्रत्यक्ष आलेले होते. दोर नेहमी ज्यांच्या गळ्यात पडे, त्यांच्याच हाती त्या दिवशी तो होता, आणि त्या दोरास लोंबकळणारा माणूस सरकारचा होता. त्यांनी दोर सोडला नाही. भिल्लांच्या बाजूने विश्वासाचा लेखी पुरावा कोठेही नाही, कारण त्यांच्यात लिहिणारा कोणी नव्हता. त्या पुराव्याच्या जागी असे प्रसंगच ठेवावे लागतात.

४. मालेगावचे पानसुपारी

पाचांची पन्नास झाली, पन्नासांची शेकडो झाली. तरीही संशय पुरता गेला नव्हता. पलटणीस मालेगावच्या छावणीत नियमित फौजेशेजारी नेण्याचे ठरले, तेव्हा जुनी भीती पुन्हा जागी झाली असल्यास नवल नाही. शस्त्रधारी शिपायांच्या गराड्यात जाऊन उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. अधिकाऱ्यांनाही निराळीच चिंता होती. छावणीत आउट्रमची मूळची २३ वी देशी पायदळ पलटण होती. तीत उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता, आणि ते या रानातल्या सोबत्यांची हेटाळणी करतील अशी धास्ती वाटत होती.

प्रत्यक्षात शिपायांनी भिल्लांना आपल्यात बसवून घेतले, त्यांना खाऊ घातले, पानसुपारी दिली आणि लहानथोर सर्वजण त्यांच्याशी बोलत बसले. या प्रसंगाने आउट्रमला इतका आनंद झाला की, त्याने त्याचे वर्णन सविस्तर लिहून ठेवले. कवाईत, पगार, गणवेश यांपैकी कशाहीपेक्षा या पानसुपारीने पलटण अधिक पक्की झाली, असे त्याचे मत दिसते. पानसुपारी देणे म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून मान्य करणे, हे या देशात कोणास सांगावे लागत नाही. बोलावून नेलेल्या भिल्लांच्या जमावास कत्तलीऐवजी विडा मिळाला, ही त्यांच्या आठवणीतील बहुधा पहिलीच वेळ असावी.

५. कुंपण आणि शेत

येथवरची कथा सुखान्त वाटते, आणि इंग्रजी ग्रंथांत ती बहुधा येथेच संपते. परंतु तिचा उत्तरार्ध वगळल्यास तिचा अर्थ अपुरा राहतो. पलटणीचे काम मुलखाची राखण करणे हे होते, आणि राखण करावयाची ती कोणापासून? १८३० साली डांगचा मुलूख जिंकण्यासाठी आउट्रमने जी मोहीम काढली तीत धरणगावचे भिल्ल होते, आणि समोर उभे होते तेही भिल्लच. जे काम फौज व हिवताप यांच्या झगड्यात सात वर्षे अडून राहिले होते, ते जंगलाच्या लेकरांनीच सरकारला करून दिले. रक्ताला मागणी असल्याची अफवा अक्षरशः खोटी होती, परंतु भिल्लांकडून भिल्लांचे रक्त सांडविले जाणार हा त्यातला गाभा पुढे अंशतः खरा ठरला. तेवढ्यापुरती अफवा पसरविणाऱ्यांची दृष्टी त्यांना हसणाऱ्यांपेक्षा दूरची होती.

१८३५ साली आउट्रम गुजरातेत गेला. पलटण धरणगावास राहिली. याच व्यवस्थेत वाढलेल्या एका राखणदाराची कथा मात्र भिन्न दिशेने गेली. मुंबई–आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण खाज्या नाईक याच्याकडे होती. त्याचा बाप गुमान नाईक याच्यापासून ती त्याच्याकडे आलेली होती. खाज्याने वर्षानुवर्षे हे काम चोख बजावले. एके प्रसंगी त्याच्या हाती लागलेल्या एका संशयितास इतकी मारहाण झाली की तो मेला. या मनुष्यवधाबद्दल खाज्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. बाळाजी लक्ष्मणाने शेकडोंना विहिरीत टाकले तेव्हा ते राज्यकर्तव्य ठरले होते. खाज्याने एकाला मारले तेव्हा तो गुन्हा ठरला. कायद्याच्या दृष्टीने यात सुधारणा झाली हे नाकारता येणार नाही. परंतु चोर पकडण्यासाठी नेमलेल्या माणसास, चोर पकडताना केलेल्या अतिरेकाबद्दल, चोरांबरोबर तुरुंगात बसावे लागले, ही त्यातील विपरीतता खाज्यास कोणत्या भाषेत समजावून सांगितली गेली असेल?

चांगल्या वर्तणुकीमुळे त्याची मुदतीपूर्वी सुटका झाली, आणि १८५७ च्या गडबडीत सरकारला घाटाची काळजी वाटू लागली तेव्हा त्यालाच पुन्हा कामावर घेण्यात आले. चोराच्या हाती किल्ल्या देण्याचा प्रयोग दुसऱ्यांदा झाला, पण या वेळी मधल्या काळात अपमान घडलेला होता. खाज्या बंडात सामील झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे जाणारा सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना त्याच सेंधवा घाटात त्याने लुटला. कुंपणानेच शेत खाल्ले. घाटाचा कोणता वळसा लुटीस सोयीचा, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? १८०३ च्या दुष्काळातील उपाशी जागल्याची कथा येथे अक्षरशः पुन्हा घडली. याच काळात आउट्रम लखनौच्या वेढ्यात कंपनीसाठी लढत होता.

११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे बंडवाल्यांची व सरकारी फौजेची मोठी लढाई झाली. तीत पकडलेल्यांपैकी पन्नासाहून अधिक जणांना रणभूमीवरच उभ्या उभ्या लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो भिल्ल स्त्रियांना कैद झाली. खाज्या निसटला. १८६० साली त्याच्या गोटातील एका मकरानी जमादाराने विश्वासघाताने त्याला ठार मारले. कोपरगावच्या विहिरीपाशी सुरू झालेली कथा विश्वासघातानेच संपली. मधल्या काळात राज्य बदलले, कायदा बदलला, परंतु राखणदार आणि चोर यांतील अंतर कोण ठरवितो या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही.

६. हसणारे कोण?

वरील कथांची साधने पाहता एक गोष्ट डोळ्यांत भरते. ग्रॅहॅम, आउट्रम, गोल्डस्मिड आणि गॅझेटियरचे संपादक हे सर्व एकाच बाजूचे लेखक आहेत. कोणती गोष्ट विलक्षण आणि कोणती नित्याची, हे त्यांनी ठरविले. त्यांना भिल्लांची अफवा विलक्षण वाटली, आउट्रमचा वाघ विलक्षण वाटला, चोरांची पलटण विलक्षण वाटली. जागल्याचा हक्क बुडाला ही गोष्ट मात्र महसुलाच्या ओघात एका वाक्यात आली. इतिहासातील काळा विनोद घटनेत जितका असतो तितकाच तो नोंद करणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. ‘चोरास राखणदार केले’ या वाक्यात गंमत आहे. ‘राखणदारास चोर केले, आणि वीस वर्षांनी तोच जुना हक्क गणवेशासह त्याला परत दिला’ असे म्हटले की गंमत नाहीशी होते आणि हिशेब उरतो.

याचा अर्थ धरणगावचा प्रयोग क्षुल्लक होता असा नव्हे. शब्द मोडून जे नष्ट झाले होते ते शब्द पाळून पुन्हा उभारता येते, हे त्याने दाखविले. आणि तसे उभारताना त्याचा उपयोग कोणाविरुद्ध होईल याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही, हेही त्यानेच दाखविले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिलीच सांगणारे आउट्रमचे चरित्रकार आणि दुसरीच सांगणारे त्याचे टीकाकार, हे दोघेही अर्धीच कथा सांगतात.

विलक्षण कथांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन प्रश्न नेहमी जवळ बाळगावे. पहिला, ही गोष्ट कोणास विलक्षण वाटली? दुसरा, जिला ते विलक्षण म्हणतात ती गोष्ट ज्यांच्यावर गुदरली त्यांना ती अपेक्षितच होती काय? धरणगावी रांगेत उभे राहावयास नकार देणाऱ्या भिल्लास सरकारी हेतू समजला नव्हता हे खरे. पण आपल्या मुलखाचा इतिहास त्याला त्या रांगेपुढे उभ्या असलेल्या कोणाही अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. रक्ताला मागणी असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा त्याला आठवत होत्या त्या कोपरगावच्या दोन विहिरी.